मुनीर देऊन निखिल घेतला, त्याची हकीकत

करामा, दुबई
सोमवार, ऑफिसातून आल्यावर

तीर्थस्वरूप अण्णामामा,

दुबईहून सुजीतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायची रीत म्हणून म्हटलं. प्रत्यक्षात उजवा गुडघा शनिवारपासून वाकत नाही, तेव्हा सध्या जेवढी अंगं टेकतात तेवढ्यांचा नमस्कार मानून घ्यावा, उरलेला सूज उतरली की पाठवतो.) तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं आईकडून कळलं. नर्मदामामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि त्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागल्यामुळे तुम्ही दोन दिवस माळ्यावर आहात, हेही कळलं. काळजी घ्या. शिडी भिंतीला लावण्याआधी खाली पोतं अंथरत जा. इकडे आम्ही सगळे मजेत. मैथिलीचा नमस्कार. वैभवी दहावीत आहे, तिनेही नमस्कार सांगितला आहे, म्हणजे मी सांगायला सांगितल्यावर तिने मोबाईलमधून मान वर करून "येस, शुअर" असं म्हटलं आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. तर मामा, फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता, दुसऱ्याला "बरं" म्हणता आणि तिसऱ्याच्या आत फोन मामींकडे देता. मागच्या महिन्यात मी मामींना क्वार्टरबॅक म्हणजे काय ते अर्धा तास समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरला दाखवलंस का, असं विचारलं. शिवाय आमच्या टीमचा मिथुन उद्या सुट्टीवर पलूसला चालला आहे, तासगाव त्याच्या वाटेवरच आहे, तो खजूर आणि हे पत्र हातात आणून देईल. विषय एका खेळाडूचा आहे. तुम्ही चाळीस वर्षं कबड्डीची पोरं निवडली, तालुक्यात तुमच्या शब्दाबाहेर कुणी चढाईला गेलं नाही, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय असा व्यवहार करणं मला बरं वाटत नव्हतं. व्यवहार करून झाला आहे, ते सोडा. पण तो बरोबर केला का, एवढं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

आधी खेळ सांगतो. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे, हाताने खेळायचा. (मग फुटबॉल का म्हणतात, हे मी आमच्या अमेरिकन साहेबांना विचारलं होतं. ते "ग्रेट क्वेश्चन" म्हणाले. ऑफिसात असं म्हटलं की उत्तर नाही असं समजायचं.) बॉल सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोक. खऱ्या खेळात एकमेकांना आडवं पाडतात, पण आमच्या लीगमध्ये सगळ्यांना रविवारी बायकोबरोबर भाजी आणायला जायचं असतं, म्हणून आडवं पाडण्याऐवजी कमरेच्या पट्ट्याला लोंबणारी फीत ओढतात. फीत गेली की पळणारा थांबला. (पहिल्या वर्षी राजनच्या फितीबरोबर आणखीही काही खाली आलं, आणि तेव्हापासून नाडीची पँट सक्तीची झाली.) एका बाजूला पाच जण. त्यातला एक मागे उभा राहतो, चार जण पुढे वाट्टेल तिकडे पळतात, आणि मागच्याने क्षणभरात बघून ज्याच्या आसपास शत्रू नाही त्याला बॉल फेकायचा. हा फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक. तो चांगला असला तर बाकीचे चार जण खेळाडू वाटतात, वाईट असला तर चार जण बस चुकल्यासारखे नुसते धावत असतात.

आमच्या बिझनेस पार्कातल्या कंपन्यांची ही लीग साहेबांनीच चालू केली. सहा टीम आहेत. आमची "करामा मावळे", तिचा कप्तान मी. नावावर जाऊ नका, मावळ्यांत कोझिकोडचा मुनीर आहे आणि लाहोरचा नोमान आहे, आणि "हर हर महादेव" सगळ्यात मोठ्याने नोमानच म्हणतो. या लीगचा नियम असा की जी टीम शेवटची येईल ती पुढच्या वर्षी बाहेर, कारण अबू धाबीची एक टीम केव्हाची दारात उभी आहे. आणि यंदा शेवटच्या जागी आम्ही होतो. हसू नका मामा. आठवडाभर मी लोकांच्या बिल्डिंगींना किती सिमेंट लागेल ते मोजत बसतो आणि मग त्यांनी कमी का वापरलं याचे ईमेल लिहितो. शनिवारी संध्याकाळी अल कूझच्या त्या मैदानावर जेवढा वेळ धापा टाकतो तेवढाच वेळ मला कुणी ईमेल करत नाही, कुणी "सर, जस्ट अ जेंटल रिमाइंडर" म्हणत नाही. माझं वय सत्तेचाळीस. ही टीम बंद पडली तर मला आता दुसऱ्या कुठल्या खेळात कोण घेणार? रडू येईल मला, खरंच सांगतो.

आमच्यावर ही पाळी आली ती राजनच्या खांद्यामुळे. राजन आमचा जुना क्वार्टरबॅक, वय बावन्न, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दिवाळीनंतर त्याचा खांदा असा धरला की बॉल सोडाच, त्याचा भांगसुद्धा वहिनी पाडतात. (डाव्या बाजूला पाडायच्या ऐवजी मधोमध पाडतात, म्हणून तो ऑफिसात टोपी घालून जातो.) तरी बॉल मीच टाकणार म्हणून हटून बसला होता. त्याचा बॉल उंच जायचा आणि त्याच्याच पायाशी पडायचा. आम्ही चार जण तिकडे टोकाला पोहोचून मागे वळून बघायचो तर राजन खाली वाकून स्वतःचाच बॉल शोधतोय. तेव्हा नवा क्वार्टरबॅक आणणं भाग होतं, आणि लीगमध्ये मिळण्यासारखा एकच होता. तो म्हणजे निखिल रेगे.

निखिल चोवीस वर्षांचा. जन्म इथलाच, बर दुबईत वाढला, मग शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथल्या कॉलेजच्या टीममध्ये राखीव खेळाडू होता. (राखीव म्हणजे खेळला नाही, पण खेळणाऱ्यांना जवळून बघितलं. हेही इकडे पुष्कळ झालं.) तो परत आल्यावर "इंटरनॅशनल सिटी ड्रॅगन्स"च्या कप्तान तहसीनभाईने त्याला वाजतगाजत घेतला, त्याच्या नावाचे टी-शर्टही छापले. आणि मामा, पोराने सगळी धूळधाण केली. तीन-तीन जणांनी घेरलेल्या माणसाला बॉल टाकायचा, मोकळ्या माणसाकडे बघायचाही नाही. आमच्याविरुद्धच्या मॅचमध्ये तर त्याचे बॉल सगळ्यात जास्त झेलले ते आमच्या मुनीरने. टी-शर्ट शेवटी ड्रॅगन मार्टमध्ये गाडी पुसायला गेले म्हणतात. तर हा तहसीनभाई एका संध्याकाळी करामात मला कडक चहा पाजायला घेऊन गेला आणि म्हणाला, सुजीतभाई, निखिलला घेऊन जा, मला मुनीर द्या.

आता मुनीर म्हणजे काय, ते सांगायला हवं. मुनीर म्हणजे आमचे पाय. चाळिशीला आला आहे, पण एकदा बॉल घेऊन सुटला की त्याची फीत फक्त त्याच्या बायकोने ओढावी. वर त्याच्याकडे व्हॅन आहे. आमची अख्खी टीम, पाण्याचा डबा, राजनची गरम पाण्याची पिशवी, सगळं त्या व्हॅनमधून जातं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये असं तुम्हीच शिकवलंत, आणि इथे तर मी हातचा पळता देऊन मागचा उभा घेणार होतो. टीमची मीटिंग घेतली, मसाला डोशावर. राजनने तटस्थपणे मत दिलं की पोरगं अजिबात घेऊ नये, त्याचा स्वतःचा खांदा उन्हाळ्यापर्यंत बरा होईल. मिथुन म्हणाला, दगडापेक्षा वीट मऊ. नोमानने दुसरा डोसा मागवला. मुनीरलाच विचारलं, तर तो इतका हसला की चटणी नाकात गेली. म्हणाला, "भाई, मुझे भेज दो, उधर मॅच के बाद शावरमा देते हैं." घरी वैभवीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ही इज लिटरली द वर्स्ट इन द लीग." मी जरा खूश झालो, तेव्हा म्हणाली, "आफ्टर यू."

शेवटी मी तुमचा उपाय केला. तुम्ही म्हणायचा ना, मैदानावर सगळेच वाघ, पोरगं घरात कसं वागतं ते बघून ये. तुम्ही पोरांच्या घरी ताकाला म्हणून जाऊन बसायचात आणि ताक संपेपर्यंत टीम ठरलेली असायची. मी मैथिलीला बरोबर घेतलं, मीना बाजारातून पेढे घेतले (मैथिलीने दुकानातच दिरहॅमचे रुपये करून मोठ्याने सांगितले, त्यामुळे पाव किलोच घेतले) आणि रविवारी संध्याकाळी रेग्यांकडे जाऊन धडकलो. निखिलची आई उर्मिलाताई फार अगत्याची बाई. कोथिंबीरवडी, चहा, वर खोबऱ्याची बर्फी. नवरा-बायको पेढे घेऊन उपवर मुलाला बघायला आलेत, म्हणजे काय समजायचं ते त्या समजल्या आणि मुलगा भात खात नाही, पण सवय लावली तर खाईल, असंही सांगून मोकळ्या झाल्या. मी भिडेपोटी दोन वड्या खाल्ल्या आणि मग खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. पण बर्फी त्यांनी उचलून नेली नाही, हे मी कधी विसरणार नाही.

आणि मग मला जे दिसलं ते ऐका. दारात कुणीतरी पार्सल द्यायला येणार होतं. उर्मिलाताई आतून म्हणाल्या, निखिल, दार लाव, एसीची हवा जाते. रेगेसाहेब म्हणाले, निखिल, दार उघडं ठेव, तो माणूस बेल न वाजवता निघून जातो. दोघांनीही एकदाच सांगितलं आणि विसरले. निखिल उठला, त्याने दार अर्धं उघडलं आणि ते तसंच हाताने धरून उभा राहिला. मी माझा चहा संपवला, दुसरा घेतला, रेगेसाहेबांनी मला घराचं भाडं किती वाढलं ते सविस्तर सांगितलं, आणि पोरगं आपलं दार धरून उभं. चेहऱ्यावर कसला त्रासही नाही. मैथिली माझ्या कानात म्हणाली, किती गुणी मुलगा आहे. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण रोग माझ्या लक्षात आला. या मुलाला संस्कार झाले होते.

त्याला घेऊन मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि सरळ विचारलं, बाबा रे, तीन जणांनी घेरलेल्या तहसीनभाईला तू बॉल का टाकायचास? तर म्हणाला, काका, ते म्हणायचे ना, इधर दे. बरं, मग मोकळ्या पोराला का नाही? तर म्हणे, तो माझ्याहून लहान आहे, तो समजून घेईल. बरं, आणि आमच्याविरुद्ध मुनीरला? तो तर तुमच्या टीममध्येही नव्हता. निखिलने खाली बघितलं आणि हळूच म्हणाला, "मुनीर अंकलनी पण हात वर केला होता, काका." मामा, मुनीरने नोमानला हाक मारायला हात वर केला होता. वडीलधाऱ्या माणसाने हात वर करून मागितलं आणि आपण दिलं नाही, असं या पोराच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. मग मी त्याला बॉल फेकायला सांगितला. पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. त्याने दोन गाड्यांच्या फटीतून, पाण्याच्या पाइपाखालून असा बॉल मारला की तो माझ्या दोन्ही हातांमधून बरोब्बर चष्म्यावर बसला. चष्मा गेला. पण हात बघा मामा, हात काय आहे पोराचा. मी तिथूनच तहसीनभाईला फोन करून सांगितलं, मुनीर तुमचा. तहसीनभाई इतका खूश झाला की वर फितींचा एक जादा सेट देतो म्हणाला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

(मुनीरच्या व्हॅनचं काय झालं, अशी काळजी मामींना वाटेल. काही झालं नाही. मुनीर राहतो करामातच. तो आम्हाला मैदानापर्यंत आणतो, गाडीतून पाण्याचा डबा उतरवून देतो, मग टी-शर्ट बदलून समोरच्या बाजूला जातो आणि आम्हाला हरवायची तयारी करतो. घरी जाताना पुन्हा आमचा.)

आता रोग कळला, पण औषध सोपं नव्हतं. आमच्या टीममध्ये तर सगळेच त्याचे काका. मी नियम केला की मैदानाच्या पांढऱ्या रेघेच्या आत काका नाही, अंकल नाही, सर नाही, अहो-जाहो नाही. सगळे अरे-तुरे. निखिलने मान डोलावली, कारण मी मोठा होतो. प्रॅक्टिसला म्हणाला, "सुजीत... काका, पळ... ता का जरा, तुम्हाला जमत असेल तर." तेवढ्यात बॉल टाकायची वेळ निघून जायची. पहिली मॅच आम्ही अशीच हरलो. प्रत्येक वेळी तो चौघांना नीट मान देऊन विनंती करायचा आणि पंचाची शिट्टी वाजायची. मग मला एक कल्पना सुचली. मी त्याला घेऊन संध्याकाळी बर दुबईहून अब्र्यात बसलो. त्या लाकडी होडीत माणसं दाटीने बसतात, मध्ये इंजिन धडधडत असतं, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हटलं, इथे मला सुज्या म्हणून हाक मार. त्याने मारली. म्हटलं, अजून जोरात. त्याने मारली. म्हटलं, शाब्बास, आता म्हण, सुज्या, अक्कल आहे का तुला? पोराने डोळे मिटून म्हटलं. समोर एक आजीबाई बसल्या होत्या, लखनौच्या असाव्यात. त्यांनी त्याला असा झापला, बडों से ऐसे बात करते हैं, यही सिखाया है माँ-बाप ने, की देअराचा किनारा येईपर्यंत तो त्यांच्या पाया पडून, त्यांची पिशवी उचलून, त्यांना टॅक्सीत बसवून आला. केलेली सगळी मेहनत खाडीत गेली.

अशा अवस्थेत परवाच्या शनिवारी आमची मॅच ड्रॅगन्सशी. हरलो असतो तर टीम खलास. समोर मुनीर, आणि मुनीर खेळतोय म्हणजे आपण त्याच्या पाठी धावतोय. तरी नोमानने दोनदा त्याची फीत ओढली (एकदा तर मुनीरचंच लक्ष नव्हतं, तो व्हॅन नीट लावली का ते बघत होता) आणि आम्ही कसेबसे मॅचमध्ये टिकून राहिलो. शेवटचा डाव आला. आता गोल केला तर आम्ही जिंकणार, नाहीतर अबू धाबीवाले आत. राजन टोपी घालून रेघेबाहेर बसला होता, तो देवाचं नाव घ्यायला लागला. मी पळालो. मामा, मी असा पळालो की गुडघ्यात काहीतरी वाजलं. कोपऱ्यात पोहोचलो, मागे वळलो, हात वर केला आणि ओरडलो, निखिल, इकडे टाक, इकडे. कप्तान मी, वयाने मोठा मी, त्याला टीममध्ये आणणारा मी. माझ्या एका बाजूला मुनीर होता, दुसऱ्या बाजूला तहसीनभाई, पण उत्साहात ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निखिलने माझ्याकडे बघितलं. त्याचा हात जवळजवळ माझ्याकडे वळलाच होता, मला स्पष्ट दिसलं. मग त्याने मान हलवली आणि अख्ख्या अल कूझला ऐकू जाईल असं ओरडला, "सुज्या, हात खाली घे, गप पळ." आणि बॉल टाकला मिथुनला. पलूसचा मिथुन त्या तिकडच्या टोकाला एकटाच उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्याने बॉल पोटाशी धरला आणि दोन पावलं टाकून रेघेपलीकडे बसकण मारली. जिंकलो, मामा. जिंकलो आम्ही. नोमान महादेवाच्या नावाने ओरडत सुटला, राजनने दुखरा हात वर केला आणि तो तसाच वर राहिला, दोघांनी मिळून खाली आणावा लागला. मी मात्र जिथे होतो तिथेच उभा होतो आणि वेड्यासारखा हसत होतो. चाळीस माणसांसमोर एका चोवीस वर्षांच्या पोराने मला अरे-तुरे करून गप बसवलं होतं, आणि एवढा आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता. निखिल धावत आला आणि पहिल्यांदा वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, काका, चुकलं असेल तर माफ करा. म्हटलं, रेघेच्या आत आहेस अजून, ऊठ. मुनीरने व्हॅनमधून घरी सोडताना सगळ्या वाटेवर हॉर्न वाजवला. तो हरलेल्या टीमचा होता, हे त्याच्या करामा आल्यावर लक्षात आलं.

तर अशी हकीकत आहे. येत्या शनिवारी शेवटची मॅच, ती जिंकली की आम्ही शेवटचे राहत नाही आणि टीम वाचते. मुनीरसारखा हुकमी माणूस देऊन हे धडपडणारं पोर घेतलं ते योग्य की अयोग्य, हे आता तुम्हीच सांगा. माझ्या मते योग्यच झालं. मी माणूस ओळखला, रोग ओळखला, औषध दिलं, आणि हे सगळं तुमच्याच शिकवणीने. मामींनी शिडीवर चढू नये, तुम्हालाही चढवू नये. लहानांना आशीर्वाद. खजूर सगळे एकदम वाटून टाकू नका.

तुमचा लाडका भाचा,
सुजीत

ता. क. मिथुनची सुट्टी ऑफिसाने दोन दिवस पुढे ढकलली, त्यामुळे पत्र खिशातच राहिलं. आज गुरुवार, तो आता नक्की निघतोय, म्हणजे शनिवारच्या मॅचला तो नाही. विजयानंतर टीमने ठराव केला की कुणी कुठे खेळायचं ते आता निखिलने ठरवायचं. ठराव मीच मांडला होता. मोठं मन दाखवावं म्हणून.

ता. क. दुसरा. मुनीर परत आला. निखिलने काल तहसीनभाईला स्वतः फोन करून व्यवहार केला, मला न विचारता. मिथुन नाही तेव्हा पळणारा माणूस हवाच होता, आणि मुनीरपेक्षा चांगला कुठे मिळणार, त्यात त्याचं काही चुकलं नाही. फक्त लीगचा नियम असा आहे की एक घेतला तर एक द्यावा लागतो.

ता. क. तिसरा. मला दिलं. (तहसीनभाई आधी नको म्हणत होता. मग निखिलने फितींचा तो जादा सेटही परत देऊ केला.) ड्रॅगन्सच्या यंदाच्या सगळ्या मॅच खेळून संपल्या आहेत, म्हणजे मी आता अशा टीमचा खेळाडू आहे जिला खेळायचंच नाही. निखिलला म्हटलं, अरे, तुला आणला मी, शिकवला मी. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "काका, तुमचा गुडघा सुजलाय, तुम्ही पळू शकत नाही, आणि आपल्याला जिंकायचंय." रेघेच्या बाहेर होता म्हणून काका म्हणाला, एवढाच मान राखला. मैथिली जेवताना हसत होती. वैभवी "ही इज अ गुड मॅनेजर" म्हणाली.

ता. क. चौथा, आणि यासाठीच सगळं पत्र आहे. मिथुन तुमच्या दारात उभा असेल. त्याच्या फोनवरून निखिलला लगेच फोन लावा. तुम्ही त्र्याऐंशी वर्षांचे आहात, आवाज खणखणीत आहे, त्याच्या आजोबांच्या जागी आहात. त्याला फक्त एवढंच सांगा, की बाळ, सुजीतला शनिवारी खेळव. वडीलधाऱ्याचा शब्द तो मोडायचा नाही. आणि मोडलाच, तुम्हालाही तोंडावर नाही म्हणाला, तर रागावू नका मामा. फोन ठेवा आणि मला तसं कळवा, म्हणजे शनिवारी आपण जिंकतोय असं समजून मी आधीच पेढे आणून ठेवतो. या वेळी किलोभर.